उतरणीचे टाके

मथुराबाई आमच्या दुकानातल्या बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि त्यांचा कॅलिपर माझ्या मांडीवर होता. दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्या शाबूत होत्या, खालचा बूटही धड होता. पण मांडीला आवळून धरणारा चामड्याचा पट्टा बकलापाशी उभा फाटला होता, आणि गुडघ्याचे दोन पट्टे त्याच वाटेवर होते.

"काल जात्यावर हळद दळायला बसले," त्या म्हणाल्या, "उठताना कट्‌कन आवाज आला. मला वाटलं हाडच मोडलं. बघते तर ह्यो पट्टा."

"हाड मोडलं असतं तर आमच्याकडे आला नसतात, तेवढंच बरं," आतून आमचे हे म्हणाले. यांचं नाव श्यामसुंदर. बोलणं नावासारखं गोड नाही, पण मथुराबाईंना त्याची सवय आहे. लहानपणी पोलिओने त्यांचा उजवा पाय गेला. माण गावाहून पुण्यात कसब्यात त्या आमच्याकडे अठरा वर्षं येताहेत. हे चामडं कापतात, मी मशीनवर शिवते. कॅलिपरचे पट्टे, कमरेचे बेल्ट, ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत त्यांचे बूट, असलीच कामं आमची.

त्या दिवशीचं काम मात्र घड्याळावर होतं. दुसऱ्या दिवशी मथुराबाईंच्या शेफालीचं लग्न, आणि संध्याकाळी सहाला देवक. नवरा-बायकोनं उपरण्या-पदराची गाठ मारून मारुतीच्या देवळात जायचं आणि तिथून पाच पालवीचं देवक घेऊन वाजतगाजत मांडवात यायचं. सूरज, त्यांचा मुलगा, सकाळी त्यांना गाडीनं सोडून गेला होता आणि चार वाजता न्यायला येणार होता.

"गाडीत बसून जाता येणार नाही का देवळात?" मी विचारलं.

"वैनी, गाडीत बसून देवक आणलेलं कुणी बघितलंय का? चालतच आणायचं असतंय. नाय जमलं तर दीर-जावेनं आणायचं. जाऊबाईनी हिरवी पैठणी काढून ठेवलीच हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "धाकट्या लेकाच्या बारशाला बी मी बसूनच होते. शेफालीच्या जन्मापासून मनात धरलंय, हिचं देवक मी चालत आणणार. भैरूमामा म्हणत्यात, राहू दे, काय बिघडतंय." भैरूमामा म्हणजे त्यांचे यजमान. सगळं गाव मामा म्हणतं म्हणून त्याही म्हणतात. "पण मला बिघडतंय."

तीन पट्टे, दोन्ही कडांना शिलाई. मशीनवर तासाभराचं काम. मी सकाळीच म्हटलं होतं, दुपारी जेवायच्या आत देते. आणि आता दीड वाजला होता, तरी एकही पट्टा धड शिवून झाला नव्हता.

आमचं मशीन सासऱ्यांच्या वेळचं. जाड चामडं शिवणारं, अंगानं दणकट. नंतर आम्ही त्याला मोटर बसवली, एवढाच बदल. सुईच्या शेजारी चामड्याला दाबून धरणारा जो लोखंडी तुकडा असतो त्याला आम्ही फूट म्हणतो. तो एका उभ्या दांडीच्या टोकाला बसवलेला असतो. दांडीवर स्प्रिंग, आणि सगळ्यात वर स्प्रिंग कमीजास्त आवळायचा स्क्रू. सुई वर येताना चामडंही तिच्याबरोबर उचलू बघतं. फुटानं ते खाली धरून ठेवलं तरच खालचा दोरा वरच्या दोऱ्यात अडकतो आणि टाका पडतो.

चार वर्षांपूर्वी याच फुटाच्या बाजूला माझ्या डाव्या हाताचं बोट गेलं होतं. सुई नखातून आरपार. बोट बरं झालं, पण मशीनपुढे बसलं की हात सुईपाशी जायचा नाही. तेव्हा मी एक नेम धरला. रोज सकाळी पायी कसबा गणपतीला जायचं, तिथलं चिमूटभर कुंकू पुडीत आणायचं आणि पहिला टाका घालायच्या आधी अकरा वेळा नाव घेऊन ते फुटाच्या दांडीला लावायचं. त्यानंतर बोटाला खरचटलंसुद्धा नाही. ज्या दिवशी मला देवळात जाता येत नाही त्या दिवशी हे जाऊन येतात. येताना म्हणतात, "गणपती विचारत होता, आज बदली कामगार का?" पण पुडी आणतात.

तर त्या दिवशी सकाळी मी कुंकू लावलं, नाव घेतलं आणि पहिला पट्टा शिवायला घेतला. सरळ कडेला शिलाई सुरेख आली. बकलापाशी चामडं दुमडून तिहेरी होतं, तिथं एक उंचवटा येतो. फूट त्यावर चढला, पलीकडे उतरला, आणि पुढचे चार टाके सुटले. दोरा नुसता वर तरंगत होता.

कापडाचं बरं असतं. उसवलं, परत शिवलं. चामड्याला पडलेलं भोक कायमचं. त्याच ओळीत दुसऱ्यांदा सुई घातली तर तिथूनच फाटायचं. मांडीच्या पट्ट्यावर तर माणसाचं सगळं वजन येतं. मी सुई बदलून नवा पट्टा घेतला. पुन्हा तेच.

हे उठून आले. वरचा स्क्रू पान्यानं गच्च आवळला. "आता बसेल गप."

तिसरा पट्टा घातला. टाके तर सुटलेच, वर फुटानं चामड्यावर असे वळ उमटवले की कुणी दातांनी चावल्यासारखे.

"जनावर मेल्यावरही त्याला चावायचं बाकी ठेवलं नाही आपण," हे म्हणाले, पण आवाजात नेहमीची मजा नव्हती. त्यांनी फळीवरचं चामडं उलगडलं. मांडीच्या पट्ट्याला लागतं तसलं जाड, मऊ पाठीचं चामडं आता एकाच पट्ट्यापुरतं उरलं होतं. गल्लीत असं मशीन आणखी एकाकडे आहे, तो गावाला गेलेला. हाताने आरीनं शिवायचं तर एका पट्ट्याला दोन तास.

"अय्युबभाईंना फोन करा," मी म्हटलं.

"केव्हाच केलाय. तुझं ऐकू येईपर्यंत माणूस येऊनही जाईल."

माझा आवाज जन्मापासून बारीक आहे. त्यावर हे तीस वर्षं बोलताहेत.

अय्युबभाई शनिवार पेठेतून स्कूटरवर आले. सत्तरीचे असतील. कसब्यातली, शनिवारातली जुनी मशीनं त्यांच्या हाताखालून गेलेली. आल्या आल्या त्यांनी मथुराबाईंना सलाम केला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि मशीनपुढे वाकले. सुई पाहिली, दोरा पाहिला, चाक हाताने दोनदा फिरवलं.

"टाके सुटतायत? मग हुकाचं टायमिंग गेलंय, श्यामभाऊ. सुई येते एका वेळी, तिचा दोरा पकडणारा हुक येतो दुसऱ्या वेळी. गाठ पडणार कशी?"

"मग पाडा."

"इथं नाही पडायची. डोकं उतरवून दुकानात न्यावं लागेल. खालचं सगळं खोलायचं. उद्या सकाळी देतो, अगदी दहाच्या आत."

डोक्यावर पंखा घरघरत होता.

मथुराबाईंनी पिशवीतून फोन काढला. त्यांना आकडे लांब धरून बघावे लागतात. "सूरजला सांगते," त्या म्हणाल्या, "तुझ्या काकीला म्हणावं नेसून तयार राहा." त्यांचा आवाज अगदी साधा होता, दुधाचा रतीब उद्या नको म्हणून सांगावं तसा. म्हणूनच मला ऐकवेना.

मी खाली बघत राहिले. मांडीवर वाया गेलेले तिन्ही पट्टे होते. एकदा पहिला पाहिला, मग दुसरा, तिसरा. सरळ भागात एकही टाका सुटलेला नव्हता. उंचवट्यावर चढतानाही नाही. सुटले होते ते फक्त पलीकडे उतरताना. तिन्ही पट्ट्यांत, त्याच जागी.

टायमिंग गेलं असतं तर टाके कुठंही सुटले असते. चढावर, सपाटीला, कुठंही. म्हणजे सुई आणि हुक यांचं भांडण नव्हतंच. फूट वर चढत होता आणि वरच राहत होता. खाली यायला त्याला वेळ लागत होता, तेवढ्यात चार टाके मोकळे जात होते.

आणि तो वर का राहतो, ते मला त्याच क्षणी दिसलं. दांडी जिथून मशीनच्या पोटात शिरते, तिथं तिच्याभोवती लाल कडं होतं. चार वर्षांचं. दर आठवड्याला मी वरून तेल सोडायचे, रोज बाहेरून कुंकू लावायचे. दोन्ही एकमेकांत मिसळून आत उतरत होतं.

सांगावं तर यांच्या हाती आयुष्यभराचं कोलीत. त्याचंही एक वेळ सोसलं असतं. पण नेम सोड म्हणाले तर? उद्या सकाळी मी बोट कुठल्या भरवशावर सुईपाशी नेऊ? अय्युबभाई पाना घेऊन मशीनचे बोल्ट सैल करू लागले होते. न्यावं त्यांनी मशीन, खोलावं, त्यांना आपोआप कळेल, मला तोंड उघडायला नको, असंही मनात येऊन गेलं. देवाशपथ आलं.

मथुराबाई फोन कानाला लावून म्हणत होत्या, "लागंना. पुन्हा लावते."

"अय्युबभाई, टायमिंग नाही," मी म्हटलं.

पंख्याच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. एक बोल्ट निघाला होता.

मी उठले आणि पंख्याचं बटण बंद केलं. तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"टायमिंग नाही गेलेलं. फुटाची दांडी आत अडकतेय. मी तिला रोज कुंकू लावते. चार वर्षं झाली."

अय्युबभाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. मशीनच्या मागचा दांडा वर करून फूट उचलला आणि सोडून दिला. एवढा स्क्रू आवळलेला, खाड्‌कन खाली यायला हवा होता. तो आला, पण गुडघे धरलेला म्हातारा जिना उतरतो तसा. शेवटचा सुतभर तर आलाच नाही. अय्युबभाईंनी बोटानं ढकलला तेव्हा टेकला.

"रोज, वहिनी?"

"रोज."

"एक दिवस पण सुट्टी नाही?"

"सुट्टीच्या दिवशी मी आणत होतो," हे म्हणाले. एवढंच.

अय्युबभाईंनी वरचा स्क्रू काढला, स्प्रिंग काढली, फूट सोडवला आणि दांडी हळूहळू वर ओढून घेतली. मधला भाग लालभडक, खाली काळसर, चिखलासारखा थर. त्यांनी तो नखानं खरवडून बघितला. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

पण अय्युबभाई हसायला लागले. खांदे हलवून, आवाज न करता.

"माझ्या अब्बांनी घरच्या मशीनच्या चाकाला ताविज बांधला होता," ते म्हणाले. "अम्मी शिवायची. एक दिवस ताविजाची दोरी चाकाच्या वादीत गेली आणि वादी तुटून अम्मीच्या कानाखाली बसली. अम्मी म्हणाली, ताविजचा असर बघा, लगेच झाला." त्यांनी खिशातून डिझेलची लहान बाटली काढली, चिंधी भिजवली. "वरच्याला जरूर बोलवा, वहिनी. पण त्याला तेलाच्या वाटेत बसवू नका."

मथुराबाईंनी फोन पदरात ठेवला. "मंजी होतंय का चारपर्यंत?"

"बाई, तुम्ही फक्त मारुतीला सांगून ठेवा, थोडं थांब म्हणून," अय्युबभाई म्हणाले.

"त्यो थांबंल. जाऊ थांबायची न्हाई."

दांडी पुसून झाली, भोकात चिंधीची वात फिरवून तेही स्वच्छ झालं. पहिल्यांदा वात लाल निघाली, मग गुलाबी, मग नुसती तेलकट. अय्युबभाईंनी दांडी परत बसवली. आता उचलून सोडली की टक्‌कन खाली. तो आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता, ते तेव्हा कळलं.

"आता फूट तुम्ही बसवा, वहिनी. तुमच्या हाताला तुमच्या चामड्याचा अंदाज."

मी फुटाखाली कातरणाचे दोन थर ठेवले, चाक हाताने फिरवून सुई खाली घेतली. फूट असा धरला की सुई बरोबर त्याच्या खाचेच्या मधोमध यावी, कुठल्याच बाजूला घासू नये. बाजूचा स्क्रू घट्ट केला. मग वरचा. यांनी तो गच्च आवळून ठेवला होता तो पार सैल सोडला आणि अर्धा अर्धा फेरा देत, दर वेळी चामडं हाताने ओढून बघत आणलं. सुरुवातीला ते सहज सरकत होतं. मग जरा अडलं. मग अशा जागी आलं की ओढलं तर येतं, पण नाराजीनं. फूट उचलून पाहिलं. चामड्यावर वळ नाही.

"बस," अय्युबभाई म्हणाले. "आता हात लावू नका. श्यामभाऊंना तर अजिबात लावू देऊ नका."

"मी आता या मशीनला नमस्कारसुद्धा लांबूनच करणार," हे म्हणाले.

तिहेरी घडी घालून कातरण शिवायला घेणार, तेवढ्यात माझं बोट मागे आलं. दांडी अशी लख्ख होती. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर काही नव्हतं. बोटाचं जुनं दुखणं आठवलं आणि पाय खालच्या पॅडलवर जाईना.

मथुराबाईंना कसं समजलं कोण जाणे. बाकावरून त्यांनी पिशवी पुढे केली. "लग्नघरचं हळदीकुंकू हाय बघा आत, डबीत. लावा की दुसरीकडं कुठंतरी. अंगाला लावलं काय, कपाळाला लावलं काय."

"कपाळ इकडे आहे," अय्युबभाईंनी मशीनच्या वरच्या सपाट पाठीवर बोट ठेवलं. तिथं पूर्वी सोनेरी वेलबुट्टी होती, आता एक पान शिल्लक आहे. "इथं लावा. इथून आत जायला वाट नाही."

मी त्या पानावर हळद लावली, कुंकू लावलं. अकरा वेळा नाव घेतलं. ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सुरी धारेला लावली.

कातरण चढलं, उतरलं. टाके मोत्यासारखे. उलटून बघितलं, खालूनही.

मग हे कापत गेले आणि मी शिवत गेले. मांडीचा पट्टा. उंचवट्यापाशी येताना मी पॅडलवरचा पाय दर वेळी हलका करायचे आणि पलीकडे फूट टक्‌कन बसला की पुन्हा दाबायचे. गुडघ्याचे दोन. अय्युबभाई जायचे थांबलेच होते. चहा घेतला, बकलं ठोकायला बसले. चार वाजायला दहा मिनिटं असताना शेवटचा रिव्हेट बसला.

मी खाली बसून मथुराबाईंच्या पायाला कॅलिपर चढवला. पट्टे आवळले. त्या बाकाला धरून उठल्या, गुडघा ताठ धरणारी कळ खाली सरकवली आणि उभ्या राहिल्या. दोन पावलं टाकली. नवं चामडं करकरलं.

"बोलतंय," त्या म्हणाल्या.

"नवीन आहे. चार दिवस बोलेल, मग आमच्या हिच्यासारखं गप्प होईल," हे म्हणाले.

"न्हाई ओ, आज वैनी बोलल्या म्हणून तर..." मथुराबाईंचं वाक्य तिथंच राहिलं. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंडगार होता. म्हणजे इतका वेळ बाकावर बसून त्या काय सोसत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

सूरजची गाडी गल्लीत शिरत नाही. कोपऱ्यापर्यंत त्या चालत गेल्या. आम्ही तिघं दारात उभे राहून बघत होतो. वळणावर त्यांनी मागे न बघता हात हलवला.

अय्युबभाईंनी स्कूटर सुरू केली. जाताना म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोलला नसतात तर मी मशीन नेलं असतं, टायमिंग पण बदललं असतं आणि उद्या परत तेच. माझी लाज वाचवलीत."

दुकानात आल्यावर मी यांच्या बोलण्याची वाट बघत होते. यांनी वाया गेलेले पट्टे गोळा केले, फळीवर ठेवले. मग म्हणाले, "उद्या पुडी जरा लहान आण. एकच पान आहे, तेवढ्याला पुरे."

मी पंखा लावला आणि मान वळवून डोळे पुसले.

संध्याकाळी दिवा लावून मी हरिपाठाला बसणार, तोच फोनवर सूरजचा व्हिडिओ आला. मी पोथी मिटून ठेवली. हरिपाठ न म्हणता पोथी मिटायचा माझा तो पहिलाच दिवस असेल. पुढे ताशेवाले. मागे भैरूमामा फेट्यात आणि त्यांच्या उपरण्याला पदर बांधून मथुराबाई. हातात पालवी. मारुतीच्या देवळाच्या दारात येऊन त्या थांबल्या. देवळाला पाच पायऱ्या आहेत, हे मला त्यांनी सांगितलंच नव्हतं.

त्या उतरायला लागल्या. एक हात भैरूमामांच्या खांद्यावर. आधी कॅलिपरचा पाय, मग दुसरा. मी फोन दोन्ही हातांनी धरला होता. दुसरी पायरी. तिसरी. मागून हिरव्या पैठणीतली एक बाई दोन्ही हात पुढे करून, सावरायला म्हणून, तयार होती. चौथी. पाचवी. पाय जमिनीला टेकला तेव्हा ताशांच्या गदारोळातही मला तो टक्‌कन आवाज ऐकू आल्यासारखा वाटला.

हे माझ्या खांद्यावरून बघत होते. "जावेला काही कामच राहिलं नाही बिचारीला," म्हणाले, आणि व्हिडिओ परत पहिल्यापासून लावायला सांगितला.